राळ्याची उशी

लढाई संपून आमचे हे पलटणीतून घरी आले आणि त्याच वर्षी मिरजेच्या दवाखान्यात माझा डावा स्तन काढला. मग छातीला विजेचे शेक दिले, ओटीपोटालाही दिले. त्यानं पाळी थांबली ती थांबलीच. पण मी जगले, आणि जगण्याचा मला लय आनंद होता. फक्त मी घरी आल्यापासून हे मळ्यातल्या खोपीत झोपायला लागले आणि माझं डोकं फिरलं.

"रानडुकरं येत्यात उसात," म्हणायचे. अहो, डुकरं माझ्या लग्नापासून येत होती, तेव्हा नाही कुणी राखणीला गेलं! मला वाटलं, यांना माझी किळस आली. त्यात सासूबाईंच्या भावाची लेक, चांगली उफाड्याची, आमच्याकडे राहून गेली आणि जाताना तिला नवं लुगडं मिळालं. आमची एकच मुलगी, घराला मुलगा हवा. हे लुगडं कशाचं ते न कळायला मी काही दूधखुळी नव्हते.

एकदा भर दुपारी भाकरीचं फडकं घेऊन खोपीवर गेले आणि विचारलंच, "आवं, मी आता नुसती सैपाकालाच हाय का?"

हे भाकरी मोडता मोडता थांबले. "लय भ्या वाटतं गं," म्हणाले. "हात लागला आन् टाका उसवला तर?"

आता काय बोलावं! तोफांच्या तोंडी जाऊन आलेला गडी, आणि माझ्या टाक्याला भितोय! टाके तर कधीच निघाले होते. मी हसायला लागले ती थांबेचना, आणि हसता हसताच रडले. त्या दिवसापासून डुकरांची राखण बंद झाली.

पण नुसती भीती जाऊन भागलं नाही. शेकांनी अंग कोरडंठाक पडलेलं, जवळ आलं की आग व्हायची, आणि डाव्या हाताला काखेपासून ओढ. मी ओठ चावून गप्प राहायची, पण यांना ते लगेच कळायचं आणि हे उठून बसायचे. पुढच्या तपासणीला गेलो तेव्हा मनाचा हिय्या करून सिस्टरबाईंना सांगितलं. वाटलं, झापतील, जीव वाचला आणि हिला हे सुचतंय! कसलं काय. त्यांनी यांनाही आत बोलावलं. म्हणाल्या, शेकांनी असं होतं, लाजायचं काही कारण नाही. आधी खोबरेल तेल लावायचं, हाताखाली मऊ उशी घ्यायची, दुखलं की थांबायचं, आणि घाई करायची नाही. हे कवायतीला उभे असल्यासारखे ताठ, नजर समोरच्या भिंतीवर. "समजलं का?" बाईंनी विचारलं. "जी, सिस्टर!" हे असे ओरडले की बाहेरच्या बायका डोकावून बघायला लागल्या.

घरातल्या उशा म्हणजे निव्वळ दगड. म्हणून मी ट्रंकेतून माझ्या मुलीची राळ्याची उशी काढली. तान्ह्या बाळाचं डोकं गोल यावं म्हणून आत राळं, ते मोहरीएवढं बारीक धान्य, भरून करतात ना, ती वीतभर उशी. काखेखाली घेतली की आतलं राळं सरकून हाताला बरोबर जागा करून द्यायचं. तेल होतं, उशी होती आणि आम्हाला घाई नव्हती. आग हळूहळू कमी झाली. एकदा उशीची शिवण उसवली, अंथरुणभर राळं झालं, आणि आम्ही दोघं माझाच पदर तोंडात कोंबून हसत बसलो. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षीसुद्धा मी इतकी सुखात नव्हते.

ती उशी शिवून मी अंगणात उन्हाला ठेवली आणि तिथंच घोटाळा झाला. सासूबाईंनी ती पाहिली. मी कित्येक महिने बाजूला बसले नव्हते, हे त्यांनी आधीच हेरलं होतं. झालं! त्या दिवसापासून माझ्या भाकरीवर साय आली, विहिरीवर जाणं बंद झालं. त्यांचा भाऊ यांच्याशी लेकीच्या लग्नाचं बोलणं करायला आला, तर त्याला चहा पाजून वाटेला लावला. "आमच्या घरात पाळणा हलणार हाय," म्हणाल्या. चुलीवर माझी भाकरी करपली.

गप्प राहिले असते तर अजून थोडे दिवस साय खाल्ली असती. पण मला ते जमत नाही. भाऊ गेल्यागेल्या मी उठले.

"आत्याबाई, बाळ न्हाई. आता व्हायचंबी न्हाई."

"मग उशी कुणासाठी काढलीस?"

"माझ्यासाठी. तुमच्या लेकाजवळ निजताना हात दुखतो म्हणून."

त्यांनी माझ्या तोंडाकडं पाहिलं, मग पदराखालच्या सपाट बाजूकडं पाहिलं, आणि आतल्या खोलीत गेल्या. वाटलं, आता भावाला माघारी बोलवायला माणूस जाणार.

दिवस कलताना हे मळ्यातून आले, तेव्हा सासूबाई उंबऱ्यात बसून काहीतरी शिवत होत्या. शेजारी राळ्याचं सूप होतं आणि मांडीवर त्यांचं स्वतःचं जुनं, मऊ झालेलं लुगडं फाडलेलं. हे बघतच राहिले. दोरा दातानं तोडून त्यांनी ती हातभर लांबीची उशी माझ्याकडं टाकली.

"ती पोरीची ट्रंकंत ठिव, तिच्या बाळाला हुईल," म्हणाल्या. "ही तुझ्या मापाची हाय."