दुरुस्त स्क्रीन आणि आईच्या अक्षता

मंडळी, आज इंदापूरहून दुरुस्त केलेली स्क्रीन आणून जोडली, तर 'नो सिग्नल'! पुतणीला दुपारपर्यंत नोकरीसाठी ड्रॉइंग पाठवायचं होतं आणि ते याच कॉम्प्युटरमध्ये.

कोर्स न करता, उघडून उघडून शिकलोय मी. रॅम काढून, पुसून परत बसवली. काहीच फरक नाही. दुरुस्तीवाल्याला फोनवर चांगलं सुनावलं.

मग लक्षात आलं, केबल स्क्रीनच्या मागं किंचित तिरकी बसतेय. खाचेत तांदळाचा दाणा! स्क्रीन पाटावर पालथी होती, तेव्हा आईनं नव्या ट्रॅक्टरसारखी तिची पूजा केली होती. चिमट्यानं दाणा काढला, चित्र आलं, ड्रॉइंग वेळेत गेलं.

आई म्हणाली, "आरं, मग अक्षदा कुठं टाकायच्या, तेवढं आधी दाखवायचं न्हाय व्हय?"

आता दुरुस्तीवाल्याला फोन करायचाय. सुरुवात कशी करू?