नॉर्वेचं वारं

उजव्या हाताचं एक बोट वर करायचं, डोळे अर्धवट मिटायचे आणि म्हणायचं, "थांबा गुरुजी, आत्ता येईल." येडशीच्या साउंडवाल्या मामांची ही जुनी सवय. आत्ता येईल म्हणजे काय येईल, हे मला कितीतरी वर्षं कळलं नव्हतं. तोवर कर्ण्यांतून नुसता धुमाकूळ चाललेला असायचा आणि मी दोन्ही कानांवर हात ठेवून उभा असायचो.

मी तिथल्या शाळेत मराठी शिकवत होतो. झेंडावंदन असो की स्नेहसंमेलन, मामांना बोलावण्याचं काम माझ्याकडे असे. साउंडवाले तुम्हीही पाहिले असतील. 'हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग' म्हणतात, दोन फुंकरा मारतात आणि चहा प्यायला जातात. मामांना हे पटत नसे. ते सगळ्या तारा जोडून झाल्या की शर्टाच्या खिशातून पेन ड्राइव्ह काढत आणि नॉर्वे देशातला ब्लॅक मेटल जातीचा एक अख्खा अल्बम लावत. चार गाणी, पाऊण तास. शाळेच्या पटांगणात सकाळी सातला हा प्रकार सुरू झाला की समोरच्या हॉटेलवाल्याच्या हातातली कपबशी थांबायची.

हे संगीत कसं असतं ते सांगायला हवं. गिटार म्हणावी तर ती एकसारखी घोंघावत असते. ढोल इतका जलद की पत्र्यावर गारा पडाव्यात. आणि त्या सगळ्याच्या मागे, लांब कुठंतरी, एक माणूस जिवाच्या आकांतानं ओरडत असतो. आमच्या मुख्याध्यापकांनी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ते मेन स्विच बंद करायलाच धावले होते. मामा शांतपणे म्हणाले, "सर, यात सगळं एकदम हाय. वरचं बारीक, खालचं जाड. ज्या स्पीकरनं हे पेललं, त्याला तुमचं भाषण म्हंजे काय?" मुख्याध्यापकांना हा मान वाटला की अपमान, ते त्यांनाच ठरवता आलं नाही.

हा अल्बम मामांकडे आला तो पवनचक्कीमुळे. डोंगरावर पवनचक्क्या उभारायला एक तरुण इंजिनिअर आला होता. तो मामांच्या वरच्या खोलीत भाड्यानं राही. बदली होऊन गेला तेव्हा त्याची सीडी मागे राहिली. वेष्टनावर बर्फातली काळी झाडं आणि खाली वेड्यावाकड्या रेघांत लिहिलेलं नाव. मी ते उभं-आडवं धरून पाहिलं, पण वाचता आलं नाही. "ते अक्षर न्हाय गुरुजी, बाभळीचं कुपण हाय," मामा म्हणाले. मामींनी ती सीडी दोनदा अडगळीत टाकली आणि मामांनी दोन्ही वेळा परत आणली; शेवटी पेन ड्राइव्हवर उतरवून घेतली.

एका स्नेहसंमेलनाच्या सकाळी मी हट्टानं खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसलो. म्हटलं, आज काय येतं ते बघूच. तिसरं गाणं संपत आलं तसं मामांचं बोट वर गेलं. आणि खरंच, तो सगळा गोंधळ एकाएकी थांबला. उरला फक्त वारा. उघड्या माळावरचा, लांबून येणारा, कुणाचीही पर्वा नसलेला वारा. त्या वाऱ्याच्या तळाशी एक बारीकशी घंटी वाजली. थांबली, पुन्हा वाजली.

"आली का न्हाय?" मामा डोळे न उघडता म्हणाले. "कुनाची तरी मेंढी चुकलीय बघा. आन् तो मघापासून वरडतोय ना, तो तिलाच हाका मारतोय."

गाणाऱ्याचा एकही शब्द मामांना कळत नव्हता. पण श्रावणात गावाजवळच्या रामलिंगाच्या जंगलात ढग उतरतात तेव्हा तिथं असंच वाटतं, असं ते म्हणत. मी हसलो होतो. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

मग ते तामलवाडीचं लग्न झालं. आमच्या शाळेतल्या लिपिकाची मुलगी होती आणि साउंड मामांचा. वैशाखातली दुपार, मोठा मांडव, जेवणाच्या पंगती एका बाजूला तयार. मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या, आणि मामांनी सनई लावायला बटण दाबलं. सनई काही आली नाही. आला वारा, सकाळच्या चाचणीत जिथं थांबवला होता तिथूनच. सहा मोठ्या स्पीकरमधून, घूं घूं करत.

वैशाखात मांडवाखाली बसलेल्या माणसाला असा आवाज आला की तो काय करेल? आदल्याच आठवड्यात शेजारच्या गावात वावटळीनं मांडव उडवला होता. कुणीतरी ओरडलं, "वारं सुटलं, मेढी धरा." वीस-पंचवीस माणसं मांडवाच्या खांबांना लटकली. बायकांनी पोरं उचलली. आचाऱ्यानं भाताच्या पातेल्यावर ताट झाकून वर स्वतःचे हात दाबून धरले. नवरदेवाच्या मामानं तर नवरदेवालाच मिठी मारली. बाहेर झाडाचं पान हलत नव्हतं.

सगळे नंतर पोट धरून हसले. मी हसू शकलो नाही, कारण मी मामांकडे बघत होतो. मिक्सरवरचे हिरवे दिवे नाचत होते आणि मामा त्या दिव्यांकडे पाहून समाधानानं मान डोलावत होते. त्यांच्या लेखी सनई वाजत होती.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो. आडवळणानं विचारावं असं ठरवलं होतं, ते जमलं नाही. "मामा, तुम्हाला ऐकू येत नाही का?"

ते बराच वेळ तारेचं वेटोळं करत राहिले. "घंटी जाऊन तीन वर्षं झाली गुरुजी. वारं औंदा गेलं, सनईबी त्याच्यासंगं. बाकीचं येतंय अजून." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "कुनाला बोलू नका. भैऱ्या साउंडवाल्याला कोन बोलवील?"

मी बोललो नाही. उलट प्रत्येक कार्यक्रमात त्यांना दिसेल असा उभा राहू लागलो. आवाज कर्कश झाला की मी कानाला हात लावी, घुमला की पोटाला. लोकांना वाटे, गुरुजींना काहीतरी दुखणं आहे. असं तीन वर्षं निभावलं. मग मामांनी आपणहून सगळं सामान पुतण्याच्या हवाली केलं. फक्त एक जुना ॲम्प्लिफायर आणि दोन स्पीकर घरात ठेवले.

रविवारी दुपारी मी जाऊ लागलो. मामा अल्बम लावत, एक तळवा स्पीकरच्या लाकडावर ठेवत आणि म्हणत, "सांगा." मी सांगायचो. आता ढोल थांबला. आता गिटार एकटीच आहे. आता तो लांब गेला. सांगायचं म्हणजे आधी ऐकावं लागतं. तीस वर्षं कविता शिकवल्या, पण इतका जीव लावून मी काही ऐकलं नव्हतं. त्या ओरडण्यातही एक चाल आहे, हे मला तेव्हा कळलं. वारा आला की मी आपोआप हळू बोलायचो. त्यांच्या मुलीनं आणलेलं कानाचं मशीन मामांनी एकदाच लावलं आणि काढून डबीत ठेवलं. म्हणाले, "पत्रा खरवडल्यागत वाजतंय. तुमीच बरं हाय."

गेल्या पौषात मामा गेले. झोपेतच गेले.

दहाव्यानंतर मी मामींना भेटायला गेलो. स्पीकरवर स्वच्छ धुतलेलं फडकं घातलेलं होतं. मी म्हटलं, "मामी, निदान मी सांगितलेलं तरी त्यांना शेवटपर्यंत ऐकू येत होतं, एवढंच माझं समाधान."

मामींनी फडक्याचं टोक सरळ केलं. "गुरुजी, दोन वर्षं झाली, त्यास्नी कायबी ऐकू येत नव्हतं. तुमचंबी न्हाय."

"मग मी दर रविवारी बोलत होतो ते?"

"तुमच्या तोंडाकडं बघत बसायचे," मामी म्हणाल्या. "तुमी गेल्यावर मला म्हनायचे, आज गुरुजींच्या तोंडावर लई चांगली घंटी वाजली."