फिनाईलनं धुतलेली बाटली

पाचोडजवळच्या आमच्या घराला तेव्हा संडास नव्हता. आई दिवसभर लोकांच्या कापसात राबायची आणि अंधार पडेस्तोवर लघवी लागू नये म्हणून पाणीच प्यायची नाही. जळजळ तिला कायमची. ताप आला की गावातले डॉक्टर गोळ्या द्यायचे, पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. शेवटी त्यांनी कल्चर सांगितलं. म्हणजे लघवीतले जंतू लॅबमध्ये वाढवून कोणतं औषध लागू पडतं ते बघायचं. दोनदा केलं. दोन्ही वेळा जंतू वाढलेच नाहीत.

काकूला तेवढंच पुरलं. "रिपोर्टात काहीच नाय म्हणं. खुरपणीच्या येळेलाच बरं दुखतं हिचं."

आईनं दवाखाना सोडला. तापानं तिला सोडलं नाही.

मी शहरात मायक्रोबायोलॉजी घेऊन बी.एस्सी. करत होते. सुट्टीत दोन्ही रिपोर्ट वाचले. साध्या तपासणीत पू-पेशी भरपूर आणि कल्चरमध्ये काहीच नाही. याला कारणं बरीच असतात, पण आमच्या मॅडम म्हणायच्या, आधी नमुना कसा घेतला ते विचारा.

"गोळी खाऊन लघवी दिली होती का?"

"नाय."

"बाटली कुठली?"

"खोकल्याच्या औषधाची. फिनाईलनं चांगली धुतली होती दोन्ही येळेला. एवढ्या मोठ्या लॅबमधी घाण बाटली द्यायची व्हय?"

दवाखाना सोडण्याआधी पुढच्या वेळेसाठी तशीच धुऊन ठेवलेली एक बाटली कोनाड्यात होती. झाकण उघडताच फिनाईलचा वास आला. जंतू बाटलीतच मेले असणार.

"अगं, त्यांना जंतू जिवंतच लागतात."

"मग तसं सांगायचं की त्यांनी."

तिचं खरं होतं. कुणीच सांगितलं नव्हतं.

तिला शहरात आणलं. लॅबचीच बंद डबी, पहिली धार सोडून मधली लघवी, आणि नमुना लगेच टेबलावर. तिसऱ्या दिवशी रिपोर्टवर जंतूचं नाव आलं, ई. कोलाय. इतके दिवस खाल्लेल्या गोळ्या त्याला लागूच पडत नव्हत्या. दुसऱ्या दिल्या, त्या लागू पडल्या.

काकूला मी रिपोर्ट दाखवला. ती म्हणाली, "इंग्रजीत हाय, मला काय कळतंय."

आता शहरात उस्मानपुऱ्यातल्या एका लॅबमध्ये कल्चरचं टेबल माझ्याकडं आहे. डबी देताना प्रत्येक बाईला मी स्वतः सांगते, घरची बाटली आणू नका, डबी धुऊ नका. आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट मी. आईचं दुखणं खरं होतं, हे मी कागदावर आणलं आणि ती बरी झाली.