सातव्या पिस्तुलाचं कुंकू

सुरतेतल्या लिंबायतच्या व्हिडिओ पार्लरात भटूआप्पांच्या शेजारी शहाणा माणूस बसत नसे. पडद्यावर व्हिलननं पिस्तूल रोखलं, सगळ्यांनी श्वास धरला, की आप्पा हमखास बोलणार, "लाकडी शे रे ते. मनगट देख." खरं हत्यार जड असतं, धरणाऱ्याचं मनगट थोडं तरी झुकतंच, एवढं त्यांचं साधं गणित. खानदेशात हत्यारांच्या कारखान्यात बावीस वर्षं तपासणी केलेला माणूस तो. निवृत्त होऊन सुरतेला मुलाकडे आला, पण डोळे काही निवृत्त झाले नाहीत.

चौऱ्याण्णवच्या दसऱ्याआधी सुरतेजवळच्या सचिन गावातल्या एका बंद गिरणीत गुंडांच्या सिनेमाचं शूटिंग आलं. आप्पांचा मुलगा लखन कापडाच्या लूमवर खाडा करून त्यात शिरला. गोळी खाऊन मरायचं काम मिळालं म्हणून स्वारी खुशीत होती. आप्पा मात्र सामान सांभाळणाऱ्या सखारामकडे गेले आणि ट्रंकेतली सातही पिस्तुलं त्यांनी एकेक करून हातात तोलली. सहा खोटी होती. सातवं रिव्हॉल्व्हर खरं, कुणा हौशी माणसानं कॅमेऱ्यात जवळून दाखवण्यापुरतं दिलेलं. त्याची चक्री फिरत होती, पण गंजल्यामुळे उघडत नव्हती, आणि आत दोन गोळ्या तशाच अडकलेल्या. मालक दोन दिवसांनी ते न्यायला येणार होता. तोवर घोटाळा नको म्हणून त्यांनी त्याच्या मुठीवर कुंकवाचं ठसठशीत बोट ओढलं.

"लाल दिसनं का हात लावानं नही," त्यांनी बजावलं. सखारामनं मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. लखन शूटिंगला गेलेला, म्हणून गोडादऱ्याच्या कारखान्यात जाऊन त्याच्या लूमची पूजा आप्पांनीच केली. गिरणीत पोचायला दुपार झाली. ट्रंक उघडी होती. कॅमेरा, दिवे, पिस्तुलं, सगळ्यांना हळदकुंकू लागलेलं.

"खंडेनवमी हाय आप्पा, हत्यारं कोरडी कशी ठेवायची?" सखाराम म्हणाला आणि बोलता बोलताच पांढराफटक पडला.

आत लखन भिंतीला पाठ लावून उभा होता. समोरच्या नटाचं मनगट झुकलेलं होतं.

आप्पा धावले आणि मुलाच्या पुढ्यात उभे राहिले. "हाई खरं शे," ते म्हणाले. दिग्दर्शक डाफरला. नट हसला.

"चाचा, सुबह से तीन बार इसी लड़के पर दबाया है. सिर्फ खट् बजता है."

खोटेपणा दाखवायला त्यानं नळी वर केली आणि चाप ओढला. छपराच्या पत्र्याला भोक पडलं. कबुतरं उडाली, माणसं जागची हलली नाहीत.

दसऱ्याला लखनची बायको चंचल आप्पांना ओवाळायला आली. तिनं कुंकवाचं बोट त्यांच्या कपाळाकडे नेलं, तसा आप्पांनी तिचा हात धरला आणि ते ढसाढसा रडले. घरात तिला कुणी काहीच सांगितलं नव्हतं.