साडूंची विम्याशी सोयरीक

आमच्या साडूंइतका खरं बोलण्याचा हव्यास असलेला माणूस अख्ख्या मावळात दुसरा नसेल, आणि अशा माणसानं पोटासाठी धंदा कोणता निवडावा, तर लग्नं जमवण्याचा. ज्या धंद्यात बुटका मुलगा 'उंचीला बेताचा' असतो आणि दहावीला अडकलेला 'शिक्षणाची आवड असलेला' असतो, त्या धंद्यात आमचे साडू मुलीकडच्यांच्या ओसरीवर बसून, चहाचा पहिला घोट घ्यायच्या आत, मुलातलं वैगुण्य सांगून मोकळे होत. उर्से टोलनाक्यावर नोकरीला असलेल्या एका मुलाचं स्थळ घेऊन गेले, तेव्हा म्हणाले, "पोरगं निर्व्यसनी हाय, पगार येळेवर हाय, फकस्त झोपंत दात खातं." मुलाच्या बापाचा चेहरा उतरला. तेवढ्यात आतून मुलीनंच निरोप पाठवला की ती झोपेत घोरते, आणि लग्न तिथल्या तिथं ठरलं. खोड आधी सांगून टाकायची, गुण काय, नांदता नांदता सापडतात, असं त्यांचं म्हणणं. गंमत म्हणजे त्यांनी जमवलेली लग्नं टिकत.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान. राहायला आंदर मावळात, जिथं एसटी आली तर आली, त्यामुळे पांढरी टोपी, काखेत छत्री आणि पिशवीत मुलामुलींचे फोटो अशा थाटात त्यांनी सगळा मुलूख पायी पालथा घातला. मी तुंगार्लीला राहणारा, जन्मभर कारखान्यात नोकरी केलेला. आजारी पडलो तर कंपनीचं कार्ड दाखवायचं, एवढंच मला ठाऊक. तरीही आमच्या भागात असा समज आहे की साडूंच्या आरोग्यविम्याचं अवघड काम मी जमवून दिलं. बाजारात लोक मला थांबवून कुठली पॉलिसी घ्यावी म्हणून विचारतात. हा समज साफ खोटा आहे. तो मी कधी खोडला नाही, उलट त्याच्या सावलीत आरामात बसून राहिलो. आता माझं वय झालं आहे, तेव्हा खरं काय ते लिहून टाकतो.

साडूंना शुगर झाली ती धंद्यापायी. मुलगी बघायला गेलं की शिरा, बोलणी पुढं सरकली की पेढा, सुपारी फुटली की बुंदी, आणि या सगळ्याच्या अधेमधे पाकासारखा चहा. मध्यस्थानं ताटलीतलं टाकलं तर घराचा अपमान होतो. लग्नसराईत साडू एका घरचा शिरा दुसऱ्या घरापर्यंत चालत जाऊन पचवीत आणि तिथं पुन्हा शिऱ्याला बसत. गावातल्या शिबिरात रक्त तपासलं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी आकडा बघून विचारलं, आबा, तुम्ही काम काय करता? त्यांनी सांगितलं. बाई म्हणाल्या, काम बदला. साडूंनी गोळ्या सुरू केल्या, काम तेच ठेवलं, आणि नव्या जावयाची ओळख करून द्यावी तशी भेटेल त्याला आपल्या शुगरची ओळख करून देऊ लागले.

विम्याचं त्यांच्या डोक्यात शिरलं ते एक ठरलेलं लग्न मोडल्यावर. मुलीचे वडील रिक्षा चालवायचे. त्यांना अचानक दवाखान्यात ठेवावं लागलं. आधी मुलीचे दागिने गेले, मग लग्नाची तारीख गेली, मग मुलाकडचे गेले. साडू स्वतःचा हिशेब मांडू लागले. त्यांच्या स्वतःच्या मागं तरी कोण होतं? ना साहेब, ना पेन्शन. भावांच्या वाटणीत आलेलं भाताचं एक खाचर आणि माझ्या मेव्हणीनं पारड्या असल्यापासून वाढवलेल्या दोन म्हशी. मला म्हणाले, "भाऊ, माज्या दुखण्यापायी तिच्या म्हशी बाजारात जाऊ नयेत, एवढंच बघायचं हाय."

आणि मग ते कंपन्या 'बघायला' निघाले. ज्याला आपण पॉलिसी म्हणतो त्याला ते स्थळ म्हणत. मी त्यांना चकचकीत माहितीपत्रकं आणून दिली. त्यांवरची हसरी कुटुंबं बघून त्यांनी ती बाजूला ठेवली. फोटोत सगळेच हसत्यात, म्हणाले, पण या घरात नांदलेलं कोण आहे ते सांगा. म्हणजे ज्यानं विमा घेतला, जो आजारी पडला आणि ज्यानं कंपनीकडं पैसे मागितले, असा माणूस. अशी माणसं हुडकत ते छत्री घेऊन हिंडले. कामशेतला हृदयाचं ऑपरेशन झालेला एक वेल्डर सापडला, तुंगार्लीत पर्यटकांना खोल्या देणाऱ्या एक बाई सापडल्या, वडगावचा एक टेम्पोवाला सापडला. प्रत्येकाकडून परत येताना साडू माझ्याकडं थांबून सासरची खबर देत. एक घर बोलायला गोड, पण दवाखान्यातल्या खोलीच्या भाड्यावरून कुरकुर करतं. दुसरं प्रत्येक बिलातला वाटा आपल्यालाच भरायला लावतं. तिसऱ्याच्या पाहुण्यांत, म्हणजे ज्यांचं बिल कंपनी परस्पर भरते त्या यादीत, आपल्याकडचा एकही दवाखाना नाही, आजारी पडलं की आधी पुणं गाठायचं. आणि शुगर म्हटल्यावर निम्म्या घरांनी दारच लावून घेतलं होतं. मी हसून त्यांना शिऱ्याऐवजी शेंगदाणे देत असे.

शेवटी मीच कंटाळलो. माझ्या जुन्या सहकाऱ्याचा मुलगा विम्याचा एजंट होता, त्याला घरी बोलावला. तो टॅबवर एकेक प्रश्न वाचत गेला आणि मधुमेहाच्या प्रश्नाशी थांबून त्यानं माझ्याकडं बघितलं. 'नाही' लिहिलं तर हप्ता कमी बसतो आणि कटकट राहत नाही, सगळेच तसं करतात, असं तो आधीच दारात मला सांगून चुकला होता. मी होकारार्थी मान हलवली. साडूंनी कपबशी खाली ठेवली.

"थांब पोरा," ते म्हणाले आणि माझ्याकडं वळले. "भाऊ, उद्या मी दवाखान्यात पडलो आन ह्ये उघडं पडलं, तर तुमच्या मेव्हणीनं तितं कुणाच्या तोंडाकडं बघायचं?"

मग त्यांनी त्या मुलाला शुगर तर सांगितलीच, शिवाय लहानपणी आंब्यावरून पडून मोडलेला हात सांगितला, डाव्या कानानं कमी ऐकू येतं हे सांगितलं, आणि हात न आखडता चुलत्याची मूळव्याधही सांगितली. मुलानं टॅब मिटला. त्यानंतर त्यानं साडूंचाही फोन उचलला नाही आणि माझाही.

मला त्या मुलासमोर फार ओशाळल्यासारखं झालं होतं, आणि ओशाळलेला माणूस गोष्टी रचतो. मी ही हकिगत लग्नाच्या पंगतीत, बारशाला, दशक्रियेनंतरच्या चहाला सांगू लागलो. विम्याचा नवरदेव चुलत्याची मूळव्याध सांगून स्वतःच बोहल्यावरून कसा उठला, हे ऐकून लोकांची हसून मुरकुंडी वळे. माझ्या सांगण्यात मी शहाणपणानं सगळं जुळवत आणलेलं असे आणि साडू घोळ घालत. मी हलवलेली मान तेवढी गोष्टीतून गळाली होती. पुढंपुढं लोक म्हणू लागले की ज्याला स्वतःचा विमा जमत नाही तो आमच्या मुलीचं काय जमवणार. दोन-तीन घरांनी त्यांना बोलावणं बंद केलं. तरी मी गोष्ट सांगायचा थांबलो नाही. ती फार छान वठत असे.

साडूंनी मात्र माहितीपत्रकांवरच्या नंबरांना फोन लावण्याचा सपाटा सुरू केला. एका कंपनीत फोनवर एक मुलगी होती. तिनं कंपनीचं कौतुक करायच्या आधीच सांगितलं, की काका, तुम्हाला शुगर आहे, तर हप्ता जास्त पडेल, आणि शुगरमुळे होणाऱ्या आजारांचे पैसे पहिली तीन वर्षं मिळणार नाहीत. हे चालणार असेल तर पुढं बोलू. साडूंना आनंदानं घाम फुटला. ते खास मला सांगायला आले. पोरीनं खोड आधी सांगितली, एवढं एकच वाक्य ते फिरूनफिरून म्हणत होते. मी विचारलं, ज्या दुखण्यासाठी विमा घेताय तेच तीन वर्षं बाहेर, मग उपयोग काय? म्हणाले, "साखरपुडा आत्ता, लग्न तीन वर्सांनी. पोरगी शिकती म्हणून लोक थांबत न्हाईत व्हय?" कंपनीच्या डॉक्टरांनी तपासलं, हप्ता वाढवला आणि होकार कळवला. साडूंनी उपकाराची फेड म्हणून त्या फोनवरच्या मुलीला वडगावातलं एक स्थळ सुचवलं. ते जमलं नाही, पण दिवाळीला तिचा अजून फोन येतो.

तीन वर्षं साडू वाग्दत्त वधूसारखे जपून वागले. हप्ता भरायला परीटघडीचे कपडे घालून जात. गोड सोडलं, आणि तिथंच घोटाळा झाला. एका घरी मुलगी बघायला गेले असताना त्यांनी शिऱ्याची ताटली हळूच बाजूला सारली. मुलाच्या मामानं ते बघितलं आणि मुलाच्या बापाला कोपरानं डिवचलं. मध्यस्थच खात नाही म्हणजे या घरात काहीतरी पाणी मुरतंय. बघता बघता सगळी मंडळी चपला शोधू लागली. साडू उठून दारात आडवे उभे राहिले आणि त्यांना सांगावं लागलं की घर चांगलं आहे, वाईट आहे ते माझं रक्त. तेव्हापासून त्यांनी शुगर सांगूनच बैठकीला सुरुवात करायची पद्धत पाडली. याचा परिणाम असा झाला की मुलीचे वडील आपलं ब्लडप्रेशर सांगू लागले, मुलाची आई थायरॉइडच्या गोळ्या काढून दाखवू लागली, आणि बघण्याच्या कार्यक्रमाला आरोग्य शिबिराची कळा आली. ज्यांनी बोलावणं बंद केलं होतं तीही घरं परत आली. दोन्हीकडची दुखणी एकदम कळतात, हे त्यांना सोयीचं वाटत असावं.

तीन वर्षं पुरी झाली त्या आठवड्यात साडूंनी दारात मांडव घातला. भाकरी, पिठलं, ठेचा, ताक. गोडाचं नाव नाही. जेवणाआधी त्यांनी मला पुढं बोलावलं, खांद्यावर हात ठेवून उभं केलं आणि स्वतःच्या हातानं मला फेटा बांधला. ही सोयरीक आमच्या भाऊंनी जमवली, असं सगळ्यांना ओरडून सांगितलं. टाळ्या पडल्या. ज्यांना मी गोष्ट सांगून हसवलं होतं तेच लोक टाळ्या वाजवत होते. मी बोलायला हवं होतं. पण फेटा मोतिया रंगाचा होता, बांधलाही झकास होता, आणि कुणीतरी फोटो काढत होतं. मी हसून हात जोडले. माझ्याबद्दलचा समज पसरला तो त्या दिवसापासून.

पुढच्याच पावसाळ्यात भातलावणीच्या वेळी, बांधावरचं गवत कापताना, साडूंच्या पायाला विळा लागला. शुगरचा पाय, जखम भरेना. तळेगावात दवाखान्यात ठेवलं, दोन बोटं काढावी लागली. घरी सोडायचा दिवस आला तरी कंपनीची शेवटची मंजुरी आलेली नव्हती. मेव्हणी खाली विम्याच्या खिडकीपाशी बसून होती. गावातला एक व्यापारी तिच्या म्हशी बघूनही गेला होता. वर खोलीत आम्ही दोघंच. नेहमी बडबडणारे साडू छताकडं बघत पडले होते. मधेच त्यांनी विचारलं, "भाऊ, आपलं सांगायचं काय ऱ्हायलं तर न्हाई ना?"

त्यांना कंपनीला सांगायचं म्हणायचं होतं. मी म्हणालो, कंपनीला सगळं सांगितलंय, माझंच राहिलंय. आणि सांगून टाकलं. हलवलेली मान, पंगतीतली गोष्ट, मुकाट्यानं बांधून घेतलेला फेटा.

"ते मला ठावं हाय," साडू म्हणाले. "तुमची गोष्ट मी दोनदा मांडवाच्या मागं उभं ऱ्हाऊन ऐकलीया. लय रंगवून सांगता."

मग फेटा कशाला बांधलात, असं मी विचारलं.

"मध्यस्थाबिगर सोयरीक होती व्हय?" ते म्हणाले. मग त्यांनी कूस बदलली. "आन तुमच्याबिगर माज्याकडं दुसरं कोण होतं?"

तेवढ्यात जिन्यावर मेव्हणीच्या बांगड्या वाजल्या. ती दारात आली, पदरानं तोंड पुसलं, आणि मंजुरी आली वगैरे काही न बोलता म्हणाली, "कुणाला तरी फोन लावा. म्हशींना सकाळधरनं पाणी न्हाई." साडू मोठ्यानं हसले. सुईणीनं मुलगा झाल्याचं सांगावं तसे ते त्या म्हशींच्या तहानेवर खूश झाले होते. कंपनीनं नांदवलं बरं का भाऊ, असं मला म्हणाले, आणि व्यापाऱ्याला नकार कळवायचं काम मात्र माझ्याकडं दिलं.

आता त्यांचं चालणं अंगणापुरतं उरलं आहे. लग्न जमवायचं असलं की लोकच त्यांच्याकडं येतात, ओसरीवर बसून आधी आपापली दुखणी सांगतात. मी महिन्या-दोन महिन्यांनी जातो. त्यांच्या अंगणातून खालच्या गावाला जाणारी वाट सगळी दिसते. साडू खुर्चीत बसून त्या वाटेकडं बघत असतात. पूर्वी चालण्यावरून ते सांगायचे, हा कुणाचा पोरगा, कुठल्या घरी निघाला, त्याच्यासाठी कुठं मुलगी बघावी. हल्ली त्या वाटेनं चालत कुणी जात नाही, ज्याच्या त्याच्याकडं गाडी आहे. एखादी मोटारसायकल भुर्रकन निघून जाते. साडू पुढं वाकून धूळ खाली बसायची वाट बघतात, आणि धूळ बसते तेव्हा वाट मोकळी असते. मग ते मला विचारतात, कोण होता वो? मला ठाऊक नसतं. आम्ही दोघं बिनसाखरेचा चहा घेत थोडा वेळ तसेच बसतो, पुढची गाडी येईपर्यंत.