बाजेवरचे मिस्तरी

रावेरच्या दवाखान्याच्या बांधकामावर मी हजेरी कारकून होतो. तिथले धुळ्याकडचे मिस्तरी फार कमी बोलायचे आणि नकाशावर कधीच भरवसा ठेवायचे नाहीत. जमिनीवर फक्कीनं खोल्या आखून झाल्या, तसे ते बाजेवर डोळे मिटून आडवे झाले. सातपुड्यातला पेशंट असाच, बाजेवर उचलून आणलेला यायचा. मिस्तरी चार मजुरांना म्हणाले, "चला, माले ऑपरेशनले न्या."

वळणावर पुढच्या मजुराचा पाय फक्कीवर, म्हणजे भिंतीच्या जागेवर पडला.

"सायेब, आठे बाज वळत नई शे," मिस्तरी पडल्यापडल्याच इंजिनिअरसाहेबांना म्हणाले. साहेब आधी हसले, मग त्यांनी बुटानं ती रेघ पुसली. भिंत दीड हात सरकली.

पुढे बाळंतपणात अडलेल्या माझ्या अक्काला त्याच वळणावरून नेलं. बाज एकदाही तिरपी करावी लागली नाही. अक्काला आत घेतल्यावर मी त्या भिंतीला हात लावून नमस्कार केला.