भिमाबाईच्या वाटणीचं शेवाळ

"शेळीला घातलंस?"

"मंग काय करू? बिचारी नुकतीच व्यालीय."

"आये, ते तुझ्यासाठी धाडलं होतं! रत्नागिरीवरनं!"

"लई आवडीनं खाल्लं तिनं. तुजं नाव काढलं बघ."

यशोधराने बॅग दारातच टाकली. तिकडे ती बायकांच्या गटाबरोबर समुद्रात लाल शेवाळ वाढवायची. मागच्या महिन्यात आई नळावर भोवळ येऊन पडली. डॉक्टर म्हणाले, अंगात रक्तच नाही. तेव्हा इकडे शेवगावला, आईच्या गावी येणाऱ्या एका टेम्पोवाल्याबरोबर तिने वाळवलेल्या शेवाळाचं पुडकं पाठवलं होतं.

"लोह असतं त्यात, प्रथिनं असतात, आयोडीन असतं."

"गवत हाय ते, यशे. समुद्रातलं असलं म्हनून काय झालं?"

"बाजारातनं बोंबील आणतेस, तो काय आपल्या विहिरीतला?"

"बोंबलाला डोळं असत्यात. काय खातोय ते कळतं तरी."

यशोधराला हसू आलं, आणि हसू आलं म्हणून जास्तच राग आला. भिमाबाईचं हे जन्माचं. ऊसतोडीच्या वेळी पाचटाच्या कोपीत राहताना आधी बैलांना उसाच्या शेंड्यांचं वाढं, मग नवऱ्याला भाकरी, मग पोरांना. टोपलीत उरेल ते तिचं. नाही उरलं तर "मला भूकच न्हाई" म्हणत घटाघटा पाणी प्यायची. लहानपणी यशोधराला ते खरंच वाटायचं.

बॅगेतनं तिने दुसरं पुडकं काढलं. चिमूटभर शेवाळ चुरून बाजरीच्या पिठात टाकलं आणि मळायला बसली.

"डॉक्टरांच्या गोळ्या थांबवायच्या नाहीत हं. हे औषध नाही, जेवण आहे. आणि एवढंच घ्यायचं, जास्त चांगलं नाही."

"एवढंच? अगं बया! शेळीनं तर सगळंच संपीवलं!"

"शेळी धडधाकट आहे. तू नाहीस."

भाकरी टम्म फुगली. यशोधराने ती आईच्या हातात ठेवली.

"आदी तू खा."

"नाही. आज पहिली तुझी."

तव्यावरची पहिली भाकरी. भिमाबाई तिच्याकडे बघतच राहिली, जणू कुणीतरी चुकून दुसऱ्याची वस्तू हातात दिली होती. मग तिने वास घेतला, तुकडा मोडला, हळूहळू चावला. दुसरा मोडला. अर्धी भाकरी संपली. उरलेली तिने पदराखाली धरली आणि गुडघ्यावर हात टेकून उठली.

"आये, ती अर्धी कुणाला गं?"

तोंडातला घास चावत भिमाबाई शेळीकडे निघून गेली.